टेकडीवरची ही वाट आधी कुणाची? सह्याद्री, सायकल आणि दोन हजार वर्षांच्या पाऊलवाटा

एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा जे ऑफिसच्या कॉलमध्ये कॅमेरा बंद करून गुपचूप वाचतात, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. मीही त्यातलाच आहे, त्यामुळे जज करणार नाही.

आजचा विषय माउंटन बायकिंगच्या वाटा. पण सुरुवात माझ्या फजितीपासून करतो.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवार, सकाळचे साडेसहा. नवीन सायकल घेऊन दोनच महिने झाले होते आणि ईएमआय अजून दहा बाकी होते. ॲपवर एक ट्रेल सापडला होता, पुण्यातल्याच एका टेकडीच्या मागच्या उतारावरचा. त्याला कुणीतरी ड्रॅगन-बिगन असं काहीतरी इंग्रजी नाव दिलं होतं. खाली लिहिलं होतं, अमुक रायडरनं तीन वर्षांपूर्वी 'शोधला'. मी उतरायला लागलो. पहिली दोन वळणं मस्त. तिसऱ्या वळणावर चिखल, पुढचा ब्रेक जरा जास्त दाबला, आणि मी बाभळीत, सायकल माझ्यावर.

खालून एक मावशी येत होत्या. डोक्यावर काटक्यांची मोळी. थांबून म्हणाल्या, "आरं पोरा, लागलं का?" मी नाही म्हणालो, म्हणजे गुडघा फुटला होता, पण इज्जत का सवाल. मग त्या म्हणाल्या, "पावसाळ्यात ही वाट कुनी धरत न्हाई. डोंगराचं पानी हितनंच उतरतं. वरच्या अंगाला दुसरी हाय, तिनं जायाचं."

मी विचारलं, "मावशी, तुम्ही किती वर्षं येता इथून?"

"लगीन होऊन आल्यापासनं. माझी सासूबी यायची."

"नाव काय या वाटेचं?"

त्या हसल्याच. "वाटंला कसलं आलंय नाव? बाभळीची वाट म्हनायचं."

म्हणजे बघा, ॲपच्या हिशोबानं वाटेचं वय तीन वर्षं. मावशींच्या हिशोबानं किमान दोन पिढ्या. घरी येऊन गुडघ्याला हळद लावली आणि वाचत बसलो. हा एपिसोड त्यातून निघाला.

सायकल कालची, वाट आधीची

आधी सायकलचा इतिहास पटकन सांगतो, कारण तो फारच छोटा आहे. आज आपण जिला माउंटन बाइक म्हणतो, तिची सुरुवात १९७०च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत झाली. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली आणि त्यांचे मित्र जुन्या, जाड टायरच्या सायकली भंगारातून आणायचे, डोंगरावर न्यायचे आणि सुसाट खाली सोडायचे. १९७६ मध्ये फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर त्यांनी शर्यत सुरू केली. सुमारे दोन मैलांत १,३०० फूट उतार. त्या सायकलींना ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असायचा, पॅडल उलटं दाबलं की लागायचा. खाली पोहोचेपर्यंत तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. मग हब उघडा, नवीन ग्रीस भरा, पुन्हा वर चला. ग्रीस पुन्हा पुन्हा भरावं लागायचं म्हणून त्या उताराचं नावच 'रीपॅक' पडलं. पुढे वीस वर्षांत, १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, हा खेळ पोहोचलासुद्धा.

पण तो उतार या पोरांनी खणला नव्हता. वणवा विझवायला गाड्या जाव्यात म्हणून काढलेला तो कच्चा रस्ता होता.

युरोपात आल्प्समध्ये जा, तिथेही तेच. इटलीत गार्डा सरोवराच्या वर ट्रेमाल्झो नावाची खिंड आहे. माउंटन बायकर लोकांची ती पंढरीच. तिथला तो वळणावळणांचा रस्ता पहिल्या महायुद्धात सैन्यासाठी बांधलेला. आल्प्समधल्या बाकी कितीतरी वाटा मेंढपाळांच्या. उन्हाळ्यात गुरं उंच कुरणांवर न्यायची, थंडी पडायला लागली की खाली आणायची, अशी शेकडो वर्षं पडलेली पायवाट. सायकलवाला तिथे सगळ्यात शेवटी आला.

मग आपल्याकडे आपल्याआधी कोण आलं होतं?

नाणेघाट: रस्त्यावरचा शिलालेख

पुण्याहून साधारण १२० किलोमीटरवर, जुन्नरच्या पलीकडे नाणेघाट. आपल्यातले निम्मे लोक तिथे उलटा धबधबा बघायला आणि रील काढायला गेलेत. मीही गेलोय, मीही काढलंय.

आधी सह्याद्रीची रचना डोक्यात घ्या. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यांचा बेसॉल्ट झाला, आपला काळा कातळ. वरून पाहिलं तर देश म्हणजे पठार, आणि पश्चिमेला ते पठार एकदम तुटतं. खाली कोकण. त्या कड्यात जिथे जिथे पाण्यानं घळ कोरली, तिथेच माणसाला उतरता येतं. म्हणजे वाटेची पहिली आखणी पाण्यानं केली. मग त्या घळीतून जनावरं गेली असतील, जनावरांमागून माणसं.

नाणेघाट ही अशीच एक घळ. कल्याण, सोपारा ही कोकणपट्टीवरची बंदरं आणि वर जुन्नर, पुढे पैठण, यांना जोडणारी. सातवाहनांच्या काळात इथून व्यापार चालायचा. घाटाच्या माथ्यावर एक लेणं आहे आणि त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लेख आहे. तो राणी नागनिकेचा मानला जातो, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. त्यात यज्ञांची यादी आहे आणि दक्षिणेचा हिशोब: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नावाची नाणी. हे आकडे लिहायला वापरलेली चिन्हं भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांपैकी आहेत. आपण रोज कीबोर्डवर अंक बडवतो, त्यांच्या खापरपणजोबांपैकी काही पुणे जिल्ह्यातल्या एका घाटात कोरलेले आहेत! मला तर अंगावर काटा आला होता. लेण्यात राजघराण्यातल्या व्यक्तींचे पुतळेही होते. आता बहुतेकांचे पायच उरलेत, वर नावं तेवढी शाबूत.

माथ्यावर एक दगडी रांजण आहे. यात जकातीची नाणी टाकत, असं सगळे सांगतात आणि घाटाचं नावही त्याच्याशी जोडतात. बाजूला जीवधन, जरा लांब चावंड, हडसर, शिवनेरी. वाटेवर लक्ष ठेवायला चार चार किल्ले. विचार करा, एका पाऊलवाटेसाठी राणीचा लेख, जकात आणि किल्ल्यांचा पहारा. आजच्या एक्स्प्रेसवेचा टोलनाकाही त्यापुढे साधा वाटेल.

पण त्या लेखात बैल हाकणारा नाही. पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांचे तांडे घेऊन जाणारे, खालून मीठ आणि वरून धान्य नेणारे, पावसाळ्यात वाहून गेलेले दगड परत बसवणारे. नाणेघाटाच्या फरसबंदीवरचे दगड गुळगुळीत झालेत ते यांच्या पायांनी आणि यांच्या बैलांच्या खुरांनी. त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत. त्यांनी लिहिलं ते दगडावरच, फक्त वाचायला पायातले बूट काढावे लागतात.

कुरवंडे: वाट माहीत असणं आणि वाट ठाऊक असणं

सह्याद्रीतल्या वाटांना मराठीत किती शब्द आहेत बघा. रुळलेली, जनावर जाईल अशी वाट म्हणजे घाट. अरुंद, दगडधोंड्यांनी भरलेली, तीव्र उताराची ती नाळ. शिडी लावून किंवा खोबणीत पाय रोवून चढायची ती निसणी. दोन डोंगरांमधली खिंड. फक्त गुरांची ती ढोरवाट. हे शब्द म्हणजे चालणाऱ्याला दिलेली माहितीच. 'नाळ' ऐकलं की बैल घेऊन निघालेला माणूस ओळखायचा, आपलं काम नाही. आपल्या ॲपमध्ये हिरवा, निळा, काळा असे ट्रेलचे रंग असतात ना, अवघडपणा सांगणारे? तेच काम हे शब्द करत होते.

आणि ही माहिती नसली की काय होतं, त्याचं उदाहरण म्हणजे २ फेब्रुवारी १६६१.

शाहिस्तेखान पुण्यात तळ ठोकून होता. त्यानं कारतलबखानाला कोकणात धाडलं. बरोबर रायबागन ही मातब्बर सरदार स्त्री होती. सरळ बोरघाटानं उतरण्याऐवजी खानानं लोणावळ्याजवळची कुरवंडे घाटाची आडवाट धरली. आडवाटेनं गेलो की कुणाला पत्ता लागणार नाही, असा हिशोब. नकाशात बरोबर वाटणारा. पण घाट उतरल्यावर पुढे उंबरखिंडीचं दाट रान आणि चिंचोळी वाट. एवढं मोठं सैन्य एकामागे एक अशा रांगेत अडकलं. शिवाजी महाराज आणि त्यांचे मावळे दोन्ही बाजूंनी दबा धरून बसले होते. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना, पाण्याविना हाल. शेवटी रायबागनच्या सल्ल्यावरून खानानं शरणागती पत्करली आणि खंडणी देऊन सुटका करून घेतली. परमानंदाच्या 'शिवभारता'त हा प्रसंग तपशिलात आला आहे.

खानाला वाट माहीत होती. मावळ्यांना ती ठाऊक होती, म्हणजे कुठे वारा लागत नाही, कुठे दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत, पाणी कुठे आहे, हे सगळं. हा फरक मला माझ्या फुटलेल्या गुडघ्यामुळे नीट कळला. माझ्याकडे जीपीएस ट्रॅक होता. मावशींकडे पावसाळा होता.

दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघं कुरवंडे घाटातून सायकली घेऊन उतरलो होतो. 'घेऊन' हा शब्द महत्त्वाचा. पहिला अर्धा तास सोडला तर बराच वेळ सायकल आमच्या खांद्यावर होती. खाली चावणी गावाजवळ उंबरखिंडीच्या स्मारकापाशी बसलो, तेव्हा एक मित्र म्हणाला, "भावा, कारतलबखानाचा त्रास आत्ता समजला."

नागफणीचं नाक आणि शिंग्रोबाचं नाणं

कुरवंड्याच्या डोक्यावर जो सुळका दिसतो, त्याचं नाव नागफणी. नागानं फणा काढल्यासारखा. लोणावळ्याला फिरायला येणारे बरेच जण त्याला 'ड्यूक्स नोज' म्हणतात. हा ड्यूक म्हणजे ड्यूक ऑफ वेलिंग्टन, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. त्याआधी तो आर्थर वेलस्ली म्हणून दख्खनमध्ये होता, १८०३ साली पुण्यात सैन्य घेऊन आला होता. त्याच्या नाकासारखा दिसतो म्हणून आपल्या नागफणीचं नाक झालं! माझ्या ट्रेलचा ड्रॅगन झाला, त्यातलाच प्रकार.

शेजारचा बोरघाट इंग्रजांना फार महाग पडला होता. १७७८च्या अखेरीस मुंबईहून त्यांची फौज तोफा आणि हजारो बैल घेऊन हा घाट चढून आली. मराठ्यांनी रसद तोडली, पुढचा मुलुख ओसाड केला, आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांना तह करावा लागला. आपण आज जिथे लोकल पकडतो, तेच हे वडगाव मावळ. पुढे पेशवाई गेली, आणि १८३० मध्ये मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या काळात घाटातून चाकांची गाडी जाईल असा रस्ता खुला झाला. मग रेल्वे. १८५६ मध्ये काम सुरू झालं, १८६३ मध्ये गाडी धावली. १,८३१ फुटांची चढण, बोगद्यामागून बोगदे, आणि कॉलऱ्यानं, अपघातांनी मेलेले हजारो मजूर. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत आजारानं वारला, तर त्याची बायको ॲलिस हिनं कंत्राट पुढे नेलं. ही सगळी नावं कागदोपत्री आहेत.

जे नाव कागदावर नाही, ते घाटात आहे. जुन्या हायवेनं खोपोलीकडे उतरताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. गोष्ट अशी सांगतात: इंग्रज साहेबांना घाटातून मार्ग काढायचा होता, पण वाट सापडेना. तिथे गुरं-मेंढरं चारणाऱ्या शिंग्रोबा धनगरानं त्यांना वाट दाखवली. साहेब खूश होऊन म्हणाला, काय हवं ते माग. शिंग्रोबा म्हणाला, आमचं राज्य आम्हाला परत द्या. आणि साहेबानं त्याला गोळी घातली. ही लोककथा आहे, कुणी रस्त्याची सांगतं, कुणी रेल्वेची. पण आजही ट्रक आणि एसटीचे ड्रायव्हर तिथून जाताना नाणं टाकतात.

मला ही गोष्ट खरी की खोटी यापेक्षा ती टिकली कशी, याचं जास्त अप्रूप वाटतं. माल्कमच्या काळातला १८३० चा पूल, ज्याला आपण अमृतांजन पूल म्हणायचो, तो एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊनमध्ये पाडला. शिंग्रोबाला नाणं टाकणं मात्र सुरू आहे. घाटातून सुखरूप उतरणाऱ्यांना कुठेतरी वाटतं, की वाट दाखवणाऱ्याचं आपण काहीतरी देणं लागतो. नाणेघाटात जकात राजाला द्यायची. इथे ती धनगराला मिळते.

याच घाटात सायकलवालेही जुने आहेत बरं का. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. गिअरच्या महागड्या सायकली येण्याच्या कितीतरी आधीपासून पुणं सायकलींचं शहर होतं, हे आपल्या बाबा लोकांना विचारा. दोन तास सांगतील, आणि वर 'आमच्या वेळी हेल्मेट नव्हतं' हेही ऐकवतील.

आता टेकडीचं काय?

परत आपल्या टेकड्यांवर येऊ. वेताळ टेकडी, सुमारे ८०० मीटर उंच, पुणे शहरातला सर्वांत उंच भाग. हनुमान टेकडी, तळजाई, बावधन-पाषाणकडचे डोंगर. रोज सकाळी इथे कोण असतं? फिरायला आलेले आजोबा, मोर बघायला आलेली पोरं, पायथ्याच्या वस्तीतून काटक्या गोळा करायला येणाऱ्या मावश्या, शेळ्या चारणारे, रनर आणि आपण. वेताळ टेकडीला लागून रस्ता आणि पोटातून बोगदे काढायचा प्रस्ताव आला, तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये पुणेकर मोठ्या संख्येनं रस्त्यावर उतरले. त्या मोर्चात मीही होतो, सायकलवर 'टेकडी वाचवा' लिहून.

आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मी टेकडीवर काय करत होतो? ओल्या मुरमावरून टायर घासत उतरत होतो. हे मला तेव्हा दिसलंच नाही.

टेकडीवर मातीचा थर जेमतेम असतो. खाली मुरूम, त्याखाली कातळ. माणूस चालतो तेव्हा पावलं सुटी सुटी पडतात. चाक मात्र सलग रेघ ओढतं, आणि ब्रेक दाबून मागचं चाक घसरवलं की रेघेचा चर होतो. पावसाचं पाणी सोपी जागा शोधतच असतं. ते चरात शिरतं, वेग धरतं आणि माती घेऊन जातं. पडल्यानंतर तीन आठवड्यांनी मी बाभळीच्या वाटेवर चालत गेलो, तेव्हा जिथे मी आणि माझ्यासारखे पाच-पंचवीस जण घसरले होते, तिथे घोट्याइतकी घळ झाली होती. मावशी मोळी घेऊन त्या घळीच्या कडेकडेनं, तोल सांभाळत उतरत होत्या. मला ओळखलं. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

कॅलिफोर्नियातही हेच झालं होतं. १९८०च्या दशकात चालणारे, घोडेस्वार आणि सायकलवाले यांची जुंपली. मरीनमध्ये, जिथे हा खेळ जन्मला तिथेच, अरुंद पायवाटांवर सायकलला बंदी आली आणि रुंद वाटांवर वेगमर्यादा. मग १९८८ मध्ये सायकलवाल्यांनी आंतरराष्ट्रीय संघटना काढली आणि स्वतःसाठी नियम केले. चालणाऱ्याला आधी वाट द्या. चिखलात चालवू नका. चाक घसरवू नका. जनावरांना बिचकवू नका. आणि सुट्टीच्या दिवशी फावडं घेऊन वाट दुरुस्त करा. हा धडा त्यांना बंदी आल्यावर मिळाला. आपल्याला आधी घेता येईल.

सॉफ्टवेअरमधल्या मित्रांसाठी एका वाक्यात सांगतो. आपण जुन्या कोडबेसवर जॉइन झालोय. मूळ लेखक कंपनी सोडून गेलेत, डॉक्युमेंटेशन नाही, पण सिस्टीम दोन हजार वर्षं चालू आहे. पहिल्याच दिवशी येऊन 'हे मी बनवलं' म्हणायचं नसतं, आणि प्रॉडक्शन तर मुळीच पाडायचं नसतं.

तर आम्ही चौघांनी काय केलं ते सांगतो आणि थांबतो. पाऊस संपल्यावर ऑक्टोबरच्या तीन रविवारी त्या घळीत दगड रचले. पाणी आडवं वळवायला तिरके बांध घातले. ते कसे घालायचे हे आम्हाला यूट्यूबवरून कळलं होतं. मावशींनी पाहिलं आणि अर्धे आमच्याकडून काढून पुन्हा लावून घेतले. "पानी खालनं येत न्हाई बाबा, वरनं येतं," एवढंच म्हणाल्या. या जुलैपासून पावसाळ्यात आम्ही तिथे सायकल नेत नाही, वरच्या अंगाच्या वाटेनं चालत जातो.

आणि हो, ॲपवरच्या ट्रेलचं नाव बदलायची रिक्वेस्ट टाकली होती. ती मागच्या आठवड्यात मंजूर झाली. आता तिथे 'बाभळीची वाट' असं दिसतं, देवनागरीत.

तुमच्या घराजवळच्या टेकडीवरच्या वाटेला तिथले लोक काय म्हणतात, ते या रविवारी विचारून या. पुढच्या एपिसोडमध्ये ती नावं वाचून दाखवीन. भेटू, तोवर उतारावर ब्रेक जपून!